मुखपृष्ठावर कुणाचं नाव?

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून मी बोलते आहे. ही व्याख्यानमाला नागपूर-पुण्यात ऐकली जाते तशी इंदूर, बडोदा, हैदराबादलाही ऐकली जाते. म्हणून आधी आमचा पत्ता नीट सांगते. शारदा चौकाकडून आमापाऱ्याकडे जाताना वाटेत आमचा चौक लागतो. ‘तात्या’ हा आपला मराठी शब्द आणि ‘पारा’ हा छत्तीसगढी, म्हणजे वस्ती, मोहल्ला. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचं राज्य या मुलखावर आलं, त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर मराठी घरं इथे येत राहिली. वस्तीचं नावच दोन भाषांनी मिळून ठेवलं आहे. आज बोलायचं आहे तेही मिळून केलेल्या एका कामाबद्दल.

आम्ही सहा जणांनी मिळून तात्यापाऱ्याचं एक चित्रपुस्तक तयार केलं आहे. छपाईला अजून गेलेलं नाही. याला हल्ली ‘कॉन्सेप्ट आर्ट बुक’ म्हणतात. सिनेमा किंवा व्हिडिओ गेम तयार होण्याआधी त्यातली घरं, माणसं, कपडे, रस्ते, उजेड कसा असेल हे चित्रकार कागदावर किंवा टॅबलेटवर काढून ठेवतात. ती झाली संकल्पनाचित्रं. जे अजून उभं राहिलेलं नाही ते डोळ्यांना दाखवायचं, एवढं या चित्रांचं काम. आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे चित्रकार. सिनेमा काढतानाही ते आधी पात्रं, वेशभूषा, प्रसंग रेखाटून घेत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले आणि फत्तेलाल १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या प्रभातचे भागीदार झाले. ‘संत तुकाराम’ (१९३६) त्या दोघांनी मिळून दिग्दर्शित केला. आजही आपण ‘दामले-फत्तेलाल’ असं एका श्वासात म्हणतो. ही जोडनावाची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आमचं पुस्तक कुठल्या सिनेमासाठी नाही. शारदा चौक ते तात्यापारा रस्ता रुंद करायचा, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो आहोत. रस्ता रुंद व्हायलाच हवा, संध्याकाळी इथून स्कूटर काढून दाखवा म्हणजे कळेल. पण रस्त्यालगतची जुनी घरं गेली की ती कशी होती हे सांगणारं काही उरणार नाही. जुने फोटो फार थोडे, तेही बहुतेक लग्नाचे. त्यात माणसं दिसतात, घर दिसत नाही. उरतात ती म्हाताऱ्या माणसांची वाक्यं. ‘इथे ओसरी होती, तिथे तुळस, मागे विहीर.’ ऐकलेल्या वाक्यांवरून जग उभं करायचं, म्हणजे हे संकल्पनाचित्रांचंच काम झालं.

दोघं मुलं टॅबलेटवर काढणारी, एक जलरंगवाला, एक वास्तुकलेचा विद्यार्थी जो टेप घेऊन उभी असलेली घरं मोजत फिरला, मी शब्द लिहिणारी, आणि सहाव्या आमच्या शेजारच्या काकू. काकूंनी आयुष्यात कागदावर चित्र काढलं नव्हतं. पण त्यांच्या दारातली ठिपक्यांची रांगोळी सगळ्या पाऱ्याला ठाऊक. तिच्यातूनच आमच्या पानांच्या चौकटी आल्या. पुढे तर ओसरीच्या जाळ्या, पाण्याच्या लाटा, रस्त्यावरची गर्दी, सगळं त्या ठिपक्यांतूनच वळायला लागलं. रांगोळी काढून घेतली तर पुस्तक उसवेल, अशी गत झाली.

मग प्रश्न आला, मुखपृष्ठावर नावं कुणाची? एक मत असं पडलं की चित्रकारांची आणि लेखिकेची मुखपृष्ठावर, काकूंचं आत, आभारांच्या पानावर. काकूच म्हणाल्या, “अगं, माझं कसलं नाव? मी तर दारातली रांगोळी काढली.” हे ऐकून बरेच जण सुटलो असं वाटून गप्प बसले असते. आम्ही मात्र तिथेच अडलो, आणि अशी पुस्तकं इतरांनी कशी केली ते बघायला लागलो. आजचं बोलणं त्या बघण्याबद्दल आहे.

आमच्या कवर्ध्याच्या डोंगरापलीकडे मध्य प्रदेशातला मंडला-दिंडोरीचा भाग लागतो. तिथल्या पाटनगढचे जनगढसिंह श्याम हे परधान गोंड. परधान म्हणजे गोंडांचे गाणारे, बाना हे तंतुवाद्य वाजवून यजमानांच्या घरी देवाच्या आणि कुळाच्या कथा गाणारे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भोपाळचं भारत भवन उभं राहत होतं, तेव्हा चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या लोकांना जनगढ यांची भिंतीवरची चित्रं दिसली. जनगढ भोपाळला आले, कागदावर आणि कॅनव्हासवर काढू लागले, मागोमाग गावचे कितीतरी नातेवाईक आले. गाण्यातल्या कथा चित्रांत उतरल्या. त्या शैलीला आज ‘जनगढ कलम’ म्हणतात.

याच मंडळींतल्या दुर्गाबाई व्याम. त्यांच्या भागात सणावाराला बायका भिंतीवर आणि जमिनीवर ‘डिगना’ काढतात. शेणानं सारवलेल्या जमिनीवर आखलेली भौमितिक नक्षी. म्हणजे आपल्या काकूंची रांगोळीच म्हणा ना. दुर्गाबाई लहानपणापासून डिगना काढत आल्या. २००६ साली चेन्नईच्या तारा बुक्सनं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ हे पुस्तक काढलं, झाडांच्या कथांचं. काळा हातकागद, त्यावर हातानं केलेली स्क्रीन छपाई, प्रत्येक प्रतीवर क्रमांक. चित्रं तिघांची, भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती. तिघांची नावं मुखपृष्ठावर. २००८ साली त्याला बोलोन्याचा पुरस्कार मिळाला.

आणि २०११ साली आलं ‘भीमायन’. दिल्लीच्या नवयान प्रकाशनाचं. विषय तर आपल्या अगदी घरचा आहे. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे छोटं आत्मकथन त्याचा पाया. १९०१ साली लहानगा भीम भावंडांबरोबर वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघतो, मसूर स्टेशनवर उतरतो. जात कळल्यावर गाडीवान गाडी हाकायला तयार होत नाही. दुप्पट भाडं घेऊन पोरांनाच बैल हाकायला लावतो. रात्रभर पाणी मिळत नाही. पुढे बडोद्यात पारशी धर्मशाळेतून हाकललं जाणं, महाडचं चवदार तळं, चाळीसगावचा टांगा, दौलताबादच्या किल्ल्यातलं पाणी. पुस्तकाचे मुख्य भागच तीन, पाणी, निवारा, प्रवास.

ही मराठी मुलखातली हकीगत इंग्रजीत लिहिली श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी, आणि चितारली दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी. मुखपृष्ठावर नावं चौघांची.

या चौघांनी जे केलं त्यात आम्हाला शिकण्यासारखं पुष्कळ सापडलं. कॉमिक्सची रीत अशी की पानावर चौकोन आखायचे आणि पात्रं चौकोनांत बसवायची. व्याम दांपत्यानं चौकोन नाकारले. माणसं डब्यात कोंबायची नाहीत, असा त्यांचा आग्रह. विचार करा, कोंडलेल्या, वेगळ्या बसवलेल्या माणसांची गोष्ट, आणि ती पुन्हा चौकोनांत? त्यांनी चौकोनांऐवजी डिगनाच्या वळणदार पट्ट्या वापरल्या. पान त्या नक्षीनं विभागलं जातं, पण बंद होत नाही.

दुसरं म्हणजे बोलण्याचे फुगे. ज्यांचं बोलणं मायेचं आहे त्यांचे फुगे पक्ष्याच्या आकाराचे. जे विषारी बोलतात त्यांच्या फुग्यांना विंचवाची नांगी. लहान मूलसुद्धा अक्षर वाचायच्या आधी ओळखतं की कोण काय बोलणार आहे. आगगाडी सापासारखी जाते, किल्ला हिंस्र जनावर होतो. बाबासाहेब सभेत बोलतात तेव्हा कर्ण्यांतून जणू पाण्याचा शिडकावा लोकांवर होतो. पाणी नाकारलेल्या माणसाच्या शब्दांचंच पाणी झालं. हे संहितेत लिहून देता येत नाही. हे ज्याच्या हातात नक्षी आहे त्यालाच सुचतं.

आता सांगा, डिगना ही सजावट आहे का? चौकटी डिगनाच्या आहेत म्हणून पुस्तकाला त्याचा अर्थ मिळाला. तरीही ‘चित्रं, सहाय्य व्याम’ एवढं आत छापून मोकळं होता आलं असतं. लोककलेच्या बाबतीत हे आपण सर्रास करतो. साडीवर वारली छापतो, वारली काढणाऱ्याचं नाव विचारत नाही. ‘परंपरा’ म्हटलं की माणूस पुसला जातो. ‘भीमायन’नं तसं केलं नाही. दुर्गाबाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली, ती त्यांच्या नावानं मिळाली, कारण त्यांचं नाव पुस्तकांवर होतं.

आता आमच्या रायपुराकडे येते. नाव मागे पडतं म्हणजे काय, हे बघायला मला लांब जावं लागत नाही. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं. काढणारे तिघंही मराठी घरातले. माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोळकर संपादक, रायपूरचे वामन बळीराम लाखे प्रकाशक. छत्तीसगढमधल्या पत्रकारितेची सुरुवात तिथून मोजतात. तोट्यामुळे १९०२ अखेर ते बंद पडलं. सप्र्यांनी पुढे टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत आणलं, त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात आहे. लाख्यांच्या नावानं रायपुरात लाखेनगर आहे. आणि चिंचोळकर? रस्त्यात दहा माणसांना विचारा, एकाला सांगता आलं तर बघा. यात सप्र्यांचा काही दोष नाही, मासिकावर नाव होतंच. छापूनही एक नाव मागे पडतं. मग जे आभारांच्या पानावरच ठेवलं त्याचं काय होईल?

भावनेच्या बरोबरीनं कायदाही बघितला, कारण पुस्तक म्हटलं की पैसा आला. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. एकत्र काम करणाऱ्या प्रत्येकानं त्यातल्या चार गोष्टी माहीत करून घ्याव्यात. पहिली, संयुक्त कृती म्हणजे जिच्यात एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही ती. वाटे वेगळे दाखवता येत असतील, तर ज्याचा त्याचा हक्क वेगळा. दुसरी, मूळ चित्र विकत घेणाऱ्याला ते छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तिसरी, कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असं धरलं जातं. चौथी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कलम ५७ प्रमाणे हक्क विकून टाकला तरी ‘हे माझं आहे’ असं सांगण्याचा अधिकार कलाकाराकडेच राहतो.

म्हणजे काकू ‘माझं कसलं नाव’ म्हणाल्या, तो त्यांचा मोठेपणा. त्या मोठेपणाचा फायदा घ्यायचा की नाही, हे आम्ही ठरवायचं होतं.

आम्ही एक साधी परीक्षा लावली. प्रत्येकाचं काम पुस्तकातून मनातल्या मनात काढून बघायचं. माझे शब्द काढले तर पुस्तक मुकं होतं, पण उभं राहतं. जलरंग काढले तर फिकं होतं. मोजमापं काढली तर घरं खोटी होतात. ठिपके काढले तर पानं सुटी होतात. मग आभारांच्या पानावर जायचं तर सगळ्यात आधी मीच जायला हवं होतं!

शेवटी असं ठरलं. सहा नावं मुखपृष्ठावर, एकाच आकारात, अकारविल्हे. मागच्या पानावर कुणी काय केलं ते नावानिशी. मूळ चित्रं ज्याची त्याच्याकडे. छापील पुस्तकातून जे उरेल त्याचे सहा सारखे वाटे. कागद दोन पानांचा, सोप्या मराठीत, सहा सह्या. काकूंनी चष्मा लावून पूर्ण वाचला, एका ठिकाणी ‘मिळेल’च्या जागी ‘देऊ’ करायला लावलं, आणि मग सही केली.

तुमच्याकडेही अशी कामं चालू असतील. मंडळाची स्मरणिका, शाळेचं भित्तिपत्रक, गावाच्या इतिहासाची पुस्तिका. सुरू करतानाच, पहिल्या बैठकीत, नावांचं आणि पैशांचं बोलून घ्या. मैत्री आहे म्हणून बोलायचं टाळू नका, मैत्री टिकावी म्हणून बोला. आणि घरात कुणी गोधडी शिवत असेल, रांगोळी काढत असेल, ओव्या म्हणत असेल आणि ती तुमच्या कामात येत असेल, तर तिला एकदा विचारा, पूर्ण नाव कसं लिहायचं ते. आमच्या काकूंचं पूर्ण नाव पाऱ्यात कित्येकांना पहिल्यांदा त्या कागदावरूनच कळलं.