तलाव कुणाचा?

पाणथळ म्हटलं की आपल्याला नांदूरमध्यमेश्वर आठवतं, नाहीतर लोणार. दोन्हींना रामसर स्थळांचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला आहे. आज मात्र बोलायचं आहे ते भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या मालगुजारी तलावांबद्दल. असे हजारो तलाव या चार जिल्ह्यांत आहेत.

त्यांतले बरेचसे कोहळी समाजाच्या लोकांनी धानाच्या पाण्यासाठी बांधले. जमिनीचा उतार हेरून मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला ‘तुडुम’ ठेवायचं, जादा पाण्याला वाट करून द्यायची. पाणी शेतकऱ्याचं, तर मासे ढिवरांचे. ज्याचं पोट तलावावर, तोच तो राखी.

१९५०च्या कायद्यानं मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती, तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण तलाव सरकारजमा झाले आणि पाळ फुटली तर ती बुजवायची कुणी, हा प्रश्न गावाचा राहिला नाही. ढिवरांच्या सहकारी संस्थांना मासेमारीचा ठेका मिळतो. पण ठेका माशांचा. गाळ, काठ, पाणी यांवर त्यांचा शब्द चालत नाही. त्यात रोहू-कटल्याचं बीज आलं, काठानं बेशरम माजली आणि पाणवनस्पतींबरोबर गावरान मासे कमी होत गेले.

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव भागात ‘भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळा’नं ढिवरांना बरोबर घेऊन हे उलटं फिरवायचा प्रयत्न केला. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आडोशाला राहतो, काय खातो, हे जुन्या ढिवरांना तोंडपाठ होतं. त्यांच्याच सांगण्यावरून बेशरम उपटली, उन्हाळ्यात कोरडा पडलेला भाग नांगरला, पावसाळ्यात पाणवनस्पती लावल्या. बायाही चिखलात उतरल्या. गावरान मासे पुन्हा जाळ्यात येऊ लागले.

आता कागदाची गंमत पाहा. १९७१चा रामसर करार मानवनिर्मित पाणथळही पाणथळच मानतो. नांदूरमध्यमेश्वर तरी काय, गोदावरीवरच्या बंधाऱ्यामुळेच तयार झालं! पण आपल्या २०१७च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळले आहेत. म्हणजे तीनशे वर्षांचा तलाव असला, तरी या नियमांचं छत्र त्याच्यावर नाही. २००६च्या वनहक्क कायद्यात मासे आणि जलाशयातल्या इतर उत्पादनांवरचा सामूहिक हक्क आहे. पण जंगलालगतच्या किती ग्रामसभा दावा भरताना तलावाचा विचार करतात?

आणखी एक. गाळ काढायला पोकलेन येतं आणि तलावाची बादली करून जातं, काठ उभे, तळ सपाट. मासे अंडी घालतात ती उथळ जागाच नाहीशी होते. तेव्हा यंत्र उतरवण्याआधी गावातल्या ढिवरांना पाळीवर बोलवावं, कुठं खणायचं आणि कुठं हात लावायचा नाही हे त्यांना विचारावं आणि ते ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावं. याला निधी लागत नाही.