पिशवीची चेन

कवितेबद्दल बोला, असं मला नेहमी सांगतात. आज मी पिशवीच्या चेनबद्दल बोलणार आहे. विषय लहान आहे खरा, पण रोज खांद्यावर असतो.

आपल्या राज्यात २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. तेव्हापासून कापडी पिशव्यांना चांगले दिवस आले. लग्नात पिशवी, हळदीकुंकवाला पिशवी, ईद मिलनला पिशवी. निवडणुकीचं तर विचारूच नका. नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत दाराच्या मागे पिशव्यांनीच भरलेली एक पिशवी लटकलेली असते. त्यातल्या बहुतेक उघड्या तोंडाच्या. भाजीला ठीक आहेत. पण वाशीहून सीएसएमटीची गाडी पकडणारी बाई त्यात पाकीट, मोबाइल, घराच्या किल्ल्या टाकील का? गर्दीत कुणाचा हात कुठे जाईल, नेम नाही. मग ती रेक्झिनची पर्स विकत घेते आणि कापडी पिशवी दाराआडच राहते.

ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण खात्याने २०११ साली एक हिशेब प्रसिद्ध केला होता. सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तर कुठे हवामानाच्या दृष्टीने ती एकदा वापरून फेकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. कापूस पिकवायला, सूत काढायला, कापड विणायला किती काय लागतं, हे आपल्या विदर्भ-मराठवाड्याला कुणी सांगायला नको. दाराआड लटकणारा तो कापूस वायाच गेला म्हणायचा. पिशवी रोज वापरात राहायची, तर तिचं तोंड बंद व्हायला हवं.

तोंड बंद करायच्या रीती आपल्याकडे जुन्या आहेत. बटव्याला नाडी, एपीएमसीतल्या गोणीला दाभण आणि सुतळी. आमच्या घरांत कुराणशरीफसाठी कापडाचं जुजदान शिवतात, त्यालाही नाडी नाहीतर बटण. तिथे चोराची भीती नसते, अदब म्हणून झाकायचं. चेन त्या मानाने अलीकडची. अमेरिकेत व्हिटकॉम्ब जडसन यांनी १८९३ मध्ये बुटांसाठी तसली एक कळ काढली, पण ती भलत्या वेळी उघडायची. मूळचे स्वीडनचे गिडियन संडबॅक यांनी १९१३ च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. ‘झिपर’ हे नाव १९२३ मध्ये रबरी बुटांवरून रूढ झालं. इंग्रजीने आवाज ऐकून नाव दिलं. आपण दातांची साखळी पाहिली आणि ‘चेन’ म्हणालो. मला आपलंच नाव आवडतं.

आता कामाकडे वळू. सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. कापड आटतं, चेन आटत नाही. ही पायरी गाळली, तर पहिल्या धुण्यानंतर तोंडाशी लाटा येतात आणि रनर अडकू लागतो. चेन नायलॉनची, पाच नंबरची घ्या. नंबर म्हणजे बंद दातांची रुंदी, साधारण तितके मिलिमीटर. नायलॉनची चेन कात्रीने हवी तिथे कापता येते, आणि आमच्या खाडीच्या दमट हवेत धातूच्या चेनसारखी जाम होत नाही.

पुष्कळजणी चेन पिशवीच्या काठालाच शिवतात. दिसतं छान. पण बाहेरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये ती अशी पक्की अडकते, की बदलायची वेळ आली तर सगळं तोंडच उसवावं लागतं. म्हणून माझं म्हणणं असं, की चेनच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंचांच्या पट्ट्या जोडा, त्यांच्या कडा दुमडून घ्या आणि त्या पट्ट्या पिशवीच्या आत, तोंडापासून इंचभर खाली शिवा. टीप मारताना मशीनला एका बाजूचा पाय लावा, म्हणजे सुई दातांजवळून सरळ जाते. रनर मध्ये आला की सुई कापडात ठेवून पाय उचला, रनर मागे सरकवा, मग पुढे जा. चेन दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच आखूडच असू द्या. तिचे दात बाजूच्या शिवणीत आले, तर तिथे सुई मोडू शकते. टोकांवर कापडाचा छोटा तुकडा दुमडून बसवा. त्यातलं एक टोक मशीनने शिवू नका, हाताने शिवा.

असं का, ते सांगते. पिशवी जुनी झाली की आधी चेन बिघडते, आणि चेनमध्येही बहुतेक वेळा दात शाबूत असतात, रनर तेवढा सैल झालेला असतो. पकडीने त्याच्या दोन्ही कडा हलक्या हाताने दाबल्या की काही दिवस निघतात. पुढे रनर बदलावाच लागतो, आणि नवा रनर चढवायला एक टोक उघडावं लागतं. हाताचे चार टाके उसवले की काम झालं.

आमच्या भागात घरी मशीन ठेवून शिवणाऱ्या बाया खूप आहेत. उघडी पिशवी पटकन होते; चेनच्या पिशवीला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. गिऱ्हाईक मात्र म्हणतं, “चेनच तर लावायचीय!” वाट्टेल त्या किमतीला पर्स घेणारे इथे दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करतात, याचा मला राग येतो. माझ्या ओळखीच्या एक आपा चेनचे पैसे वेगळे सांगतात आणि एक पैसाही कमी करत नाहीत. रनर बदलून मात्र फुकट देतात. “कापड सगळ्यांना दिसतं,” त्या म्हणतात, “चेन अडकली की मग शिवणारी आठवते.” त्यांच्याच सांगण्यावरून मी प्रत्येक पिशवीच्या आतल्या खिशात, सेफ्टी पिनेला अडकवून, एक जादा रनर ठेवते.