चढावर दम का लागतो?

आमच्या कोपरहून एखादी डिझेल पिकअप जनरेटरची ट्रॉली ओढत नाशिकला निघते. शहापूरपर्यंत तक्रार नाही. कसारा घाट लागला की पाय पूर्ण दाबूनही गाडी सरकेना. मग ‘पंप गेला’ असा निकाल लागतो आणि मालकाच्या महिन्याच्या कमाईला कात्री.

आधी धूर पाहा. काळा धूर म्हणजे डिझेलला हवा पुरत नाही. एअर फिल्टर तुंबलेला असेल, नाहीतर टर्बोचा रबरी पाइप चिरलेला. सपाटीवर तो गप्प, चढावर शिट्टी घालतो. धूरही नाही, जोरही नाही, तर बहुधा डिझेलच कमी पोचते. तुंबलेला डिझेल फिल्टर सपाटीपुरते देतो, मागणी वाढली की उघडा पडतो. म्हणून रिकामी गाडी गल्लीत फिरवून निदान होत नाही. चढ संपल्यावर एखाद्या चाकाजवळ झळ लागली, तर तिथला ब्रेक चिकटला असेल. इंजिन बिचारे निर्दोष!

याच घाटात रेल्वेला 37 फुटांमागे एक फूट चढ आहे. म्हणून कसाऱ्याला गाडीमागे जादा इंजिने जोडण्याची पद्धत जुनी. पिकअपला मागून ढकलणारे कोणी नाही. निघण्यापूर्वी ट्रॉली वजनकाट्यावर घालून घ्यावी.