नाट्यपद आणि रुपेरी पडदा : एका वादाच्या निमित्ताने

(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



महोत्सवाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांची आखणी करण्यासाठी आम्ही प्रथम जमलो, तेव्हा एका विषयावर एकमत होईना. काही ज्येष्ठ माजी विद्यार्थ्यांचा आग्रह होता की, मुलांनी ‘संगीत मानापमान’मधील एखादा प्रवेश पदांसह सादर करावा. तरुण पालकांचे म्हणणे असे की, मुलांना तो काळ, ती भाषा आणि ती गायकी परकी वाटेल. त्यापेक्षा जानेवारी २०२५ मध्ये प्रदर्शित झालेला त्याच नावाचा चित्रपट सभागृहात दाखवावा. एक ज्येष्ठ गृहस्थ उद्गारले, “नाटकाचा सिनेमा म्हणजे चुलीवरच्या भाकरीऐवजी भाकरीचे छायाचित्र.” त्यावर एका मातेने शांतपणे विचारले, “काका, इथे बंगळूरात चूल आहे तरी कुठे?” त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाजवळही नव्हते. आजचे माझे भाषण म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे.

प्रथम मूळ नाटकाचा पक्ष मांडते, कारण बराच काळ मी त्याच पक्षात होते. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले आणि मराठी माणसाला गाणारे नाटक मिळाले. या नाटकात नट स्वतः गातो, समोरच्या श्रोत्यांसाठी गातो आणि त्यांची दाद घेऊन गातो. ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद पुन्हा, पण पहिल्यासारखे नव्हे. कालच्या प्रयोगातील तान आज येईलच असे नाही. चित्रपटात गीत आधी ध्वनिमुद्रित होते, ओठ नंतर हलतात, आणि एकदा मुद्रित झालेली तान कायमची तीच राहते. प्रेक्षकाने कितीही टाळ्या वाजवल्या तरी पडद्यावरच्या गायकाला त्या ऐकू जात नाहीत.

हे दुःख खुद्द बालगंधर्वांनी अनुभवले. १९३५ साली व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. पुढे १९३७ साली ‘साध्वी मीराबाई’ आला. परंतु रुपेरी पडद्यावर ते रमले नाहीत आणि रंगभूमीकडेच परतले. ज्यांचे गाणे श्रोत्यांच्या श्वासावर चालत असे, त्यांना यंत्राच्या डोळ्यासमोर गाणे सुने वाटले असल्यास नवल नाही.

आता दुसरा पक्ष. ज्या ‘मानापमाना’चे आपण इतके हळवे होऊन स्मरण करतो, त्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९११ च्या नाटकाला चाली दिल्या गोविंदराव टेंबे यांनी; आणि १९३२ साली ‘प्रभात’ने मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ काढला, तेव्हा त्याचे संगीतकार आणि राजा हरिश्चंद्राच्या भूमिकेतील नटही गोविंदराव टेंबेच होते. म्हणजे नाट्यपदाला बोलपटाच्या उंबरठ्यापर्यंत आणून सोडणारे कोणी परके नव्हते. आपल्याच घरातला माणूस तो उंबरठा ओलांडून पलीकडे गेला होता.

किर्लोस्करांविषयीही हेच म्हणता येईल. त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. पारशी मंडळीचा संगीताचा खेळ पाहून त्यांना मराठीत तसे नाटक करण्याची स्फूर्ती झाली, आणि त्यांच्या कित्येक पदांच्या चाली कानडी गीतांवरून घेतलेल्या आहेत. ज्याला आज आपण सोवळ्यात ठेवतो, ते जन्मतःच असे देवघेवीतून आले आहे. कर्नाटकाच्या राजधानीत मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्याला तर याचा विशेष अभिमान वाटला पाहिजे.

आपल्या कन्नड शेजाऱ्यांचा अनुभव निराळा नाही. गुब्बी वीरण्णांच्या नाटक मंडळीने गाजवलेला ‘बेडर कण्णप्पा’ १९५४ साली पडद्यावर आला आणि डॉ. राजकुमार नायक झाले. ते स्वतः नाटक मंडळीतूनच आलेले होते. नाटकाने चित्रपटाला नट दिला आणि चित्रपटाने त्या नटाला घरोघर पोहोचवले. त्याहीपूर्वी, १९३४ साली, कन्नडमधील पहिला बोलपट ‘सती सुलोचना’ चित्रित झाला तो आपल्या कोल्हापुरात. असा हा देवघेवीचा हिशेब जुना आहे.

या वादाची खरी कसोटी लागली ती ‘कट्यार काळजात घुसली’च्या वेळी. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ सालचे. संगीत पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत डॉ. वसंतराव देशपांडे. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट आला. त्यात अभिषेकीबुवांच्या काही पदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांची नवी गीते होती. पडद्यावर खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर आणि त्यांना आवाज दिला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. आक्षेप दोन होते : नवी गीते कशासाठी, आणि अभिनय एकाचा व गळा दुसऱ्याचा हे कसे चालावे?

हे प्रश्न जगात अन्यत्रही विचारले गेले आहेत. ज्या इंग्रजी नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ लिहिले, त्याच नाटकावर आधारलेली ‘माय फेअर लेडी’ ही संगीतिका रंगमंचावर ज्यूली अँड्र्यूज यांनी गाजवली. परंतु १९६४ च्या चित्रपटात नायिका झाल्या ऑड्री हेपबर्न, आणि त्यांची बहुतेक गीते गायली मार्नी निक्सन यांनी. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ १९६५ साली पडद्यावर आला तेव्हा काही मूळ गीते गाळली गेली आणि रिचर्ड रॉजर्स यांनी चित्रपटासाठी दोन नवी रचली. त्यांना आज कोणी उपरी म्हणत नाही.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. ‘कट्यार’ प्रदर्शित झाल्यानंतरच्या स्नेहसंमेलनात आठवीतील एक विद्यार्थिनी चित्रपटातील नवे गीत गाणार म्हणून नाव देऊन गेली. मी तिला बोलावून सांगितले, “हे नाट्यसंगीत नव्हे. गायचे तर मूळ नाटकातले पद गा.” ती “बरं, बाई” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिने नाव मागे घेतले. मला तेव्हा काहीच वाटले नाही. उलट शाळेचा दर्जा राखल्याचे समाधान वाटले. काही दिवसांनी पालकसभेत तिच्या आईने सांगितले की, तो चित्रपट पाहून मुलीने गाण्याच्या शिकवणीचा हट्ट धरला होता आणि वसंतरावांची जुनी ध्वनिमुद्रणे शोधून ऐकत होती. तेवढ्यात तिने ते सारेच सोडून दिले. जी मुलगी उंबरठ्याशी आली होती, तिच्या तोंडावर मी दार लावले होते. तिला हेच गीत का गावेसे वाटते, हा साधा प्रश्नही मी विचारला नव्हता.

त्या रात्री मी स्वतःलाच विचारले, की मी ज्याला मूळ म्हणते, ते मी कोठे ऐकले? वसंतरावांना मी रंगमंचावर कधीही पाहिले नाही. १९८३ साली ते गेले तेव्हा मी बेळगावात शाळकरी मुलगी होते. मी त्यांना ऐकले ते वडिलांच्या तबकडीवर. बालगंधर्वांची पदे तर आपल्यापैकी बहुतेकांनी जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरूनच ओळखली. रात्रभर रंगणारे गाणे तीन मिनिटांत बसवले, तेव्हाही कोणीतरी हळहळले असेलच. मग मी त्या मुलीसमोर ज्याची बाजू घेतली, ते नाटक नव्हतेच. ती होती माझ्या बालपणीची तबकडी.

मला आणखी एक गोष्ट फार उशिरा उमगली. ‘कट्यार’चा विषयच मुळी हा आहे की, कला कोणाची? आपल्या घराण्याची गायकी दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून खाँसाहेब तिच्यावर पहारा ठेवतात, आणि सदाशिव ती आर्ततेने मिळवू पाहतो. एकच पद दोन गायकींत किती निराळे होऊ शकते, हेही ते नाटक दाखवते. त्या नाटकावरून आपण भांडलो आणि त्यातल्या खाँसाहेबांचाच हट्ट आपण धरला. याउलट १९२१ सालचे उदाहरण पाहा. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी मंडळींचे नायक ‘संयुक्त मानापमाना’त एकाच रंगमंचावर उभे राहिले. एकाने भामिनी व्हावे, दुसऱ्याने धैर्यधर. चढाओढ गाण्यातच करावी आणि श्रोत्यांनी दोघांनाही दाद द्यावी.

याचा अर्थ दोन्ही रूपे सारखीच, असे मी म्हणत नाही. चित्रपट नाट्यपद पोहोचवतो, पण शिकवत नाही. ‘कट्यार’च्या गायनासाठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्यामागे अभिषेकीबुवांकडे गुरुगृही बसून घेतलेली तालीम होती, हे पडद्यावर दिसत नाही. पुण्या-मुंबईतल्या माणसाला नाटक की चित्रपट, ही निवड करता येते. आपल्या मुलांपुढे बहुधा चित्रपट किंवा काहीच नाही, एवढीच निवड असते. तेव्हा चित्रपटाला नाक मुरडून चालणार नाही, आणि त्यावरच थांबूनही चालणार नाही. पडद्याने आणून सोडलेल्या मुलाला हात धरून आत नेणारे कोणीतरी हवे, आणि बंगळूरात ते काम शाळेखेरीज कोण करणार?

म्हणून समितीने अखेर दोन्ही करावयाचे ठरवले. आज सायंकाळी आपण चित्रपट पाहणार आहोत. उद्या सकाळी सातवी-आठवीची मुले ‘मानापमाना’तील एक प्रवेश सादर करतील आणि पदे स्वतःच्या गळ्याने, समोरच्या पेटी-तबल्यावर गातील. सूर कोठे कोठे डळमळेल. आपण दाद मात्र मोकळेपणाने द्या. त्यांना ती ऐकू जाणार आहे. चुलीचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मातेची कन्याच भामिनी झाली आहे.

माजी विद्यार्थ्यांकडे माझे एकच मागणे आहे. आपल्यातील जे गातात, वाजवतात, त्यांनी महिन्यातील एक शनिवार शाळेला द्यावा. आपल्याला निवृत्तिवेतन, घरभाडे, प्रवास, संसार आहेत, हे मी जाणते, तरीही मागते.

त्या विद्यार्थिनीचा पत्ता शाळेच्या दप्तरी आहे. या मेळाव्याचे निमंत्रण तिलाही गेले आहे. ती आज येथे आहे की नाही, मला ठाऊक नाही. असेल, तर उद्याच्या कार्यक्रमात शेवटचे एक स्थान आम्ही मोकळे ठेवले आहे. तेथे तिने आपल्याला हवे ते गीत गावे.