गाडीखाली जाण्यापूर्वी



सुट्टीच्या दिवशी सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा घरापुढच्या अंगणात एखादी गाडी पुढून उचललेली दिसते आणि तिच्याखालून कुणाचे तरी पाय बाहेर आलेले असतात. ऑइल बदलायचं असतं, नाहीतर सायलेन्सरचा खडखडाट कुठून येतोय ते बघायचं असतं. आपल्या गाडीचं काम आपल्या हातानं करणाऱ्यांचं मला कौतुक आहे. पण वाकून पाहिलं तर बऱ्याचदा त्या गाडीला आधार असतो तो नुसत्या जॅकचा, फार तर जोडीला दोन विटांचा. आज मला बोलायचं आहे ते यावरच. जॅकचं काम गाडी उचलण्याचं. उचललेली गाडी धरून ठेवायची ती स्टँडनं.

छोट्या हॅचबॅक गाडीचं वजन साधारण 800 ते 1000 किलो असतं. इंजिन पुढे असल्यामुळे त्यातला निम्म्याहून जास्त भार पुढच्या चाकांवर येतो. गाडीबरोबर मिळणारा कात्रीसारखा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता बनवलेला असतो. त्याचा तळ अरुंद असतो, त्यामुळे गाडी जराशी पुढेमागे सरकली तरी तो कलंडतो. हायड्रॉलिक जॅक त्याहून दणकट दिसतो. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोहोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञानं 17व्या शतकात मांडलेला नियम त्यात वापरलेला असतो. लहान दट्ट्यावर आपण हातानं दिलेला जोर मोठ्या दट्ट्यावर कित्येक पट होतो. पण वर गेलेला तो दट्ट्या तेलावर उभा असतो, आणि ते तेल अडवून धरतात रबरी सील आणि एक छोटा व्हॉल्व्ह. सील झिजलं किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, की गाडी खाली येते. कधी हळूहळू, कधी एकदम.

स्टँडमध्ये तेल नाही आणि सीलही नाही. काही गॅरेजांत त्याला घोडी म्हणतात. रुंद पायांचा लोखंडी सांगाडा, वरखाली होणारा दांडा आणि तो अडवणारे दाते किंवा पिन, एवढंच. स्टँड जोडीनंच घ्यावेत. त्यांवर लिहिलेली क्षमता एका स्टँडची आहे की जोडीची, हे घेतानाच वाचून पाहावं. वीट आणि सिमेंटचा पोकळ ब्लॉक यांना स्टँडची जागा कधीही देऊ नका. भिंतीत ते भार पेलतात, पण एकाच टोकावर वजन आलं की काही कल्पना न देता फुटतात.

आता जागेबद्दल. जमीन सपाट आणि टणक हवी. पाणी वाहून जावं म्हणून पार्किंगला बहुधा थोडा उतार दिलेला असतो, तो आधी ओळखा. मातीचं अंगण दबतं, पेव्हर ब्लॉक खचतात, शहाबादी फरशी तडकते, आणि उन्हानं तापलेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात. सर्वांत चांगला तो काँक्रीटचा कोबा. ट्रॉली जॅक गाडी वर नेताना स्वतः थोडा सरकतो, त्यामुळे त्याची चाकं मोकळी फिरायला हवीत. खडीत ती अडकली, तर वरची वाटी गाडीखालून निसटते.

यानंतर चाकं अडवायची. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. मागची दोन्ही चाकं उचलली की त्याचा उपयोग संपतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं पुढचं एक चाक जरी अधांतरी झालं, तरी गिअरच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, आणि शिवाय जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी लावा. गाडीत कुणी बसलेलं नसावं. चाक काढायचं असेल तर नट जमिनीवरच थोडे सैल करा. गाडी वर असताना पान्याला हिसका देणं म्हणजे गाडी आधारावरून ढकलणं.

जॅक कुठे लावायचा, ते गाडीच्या पुस्तिकेत चित्रासह दिलेलं असतं. दारांखालच्या पट्टीवर, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, त्यासाठी खुणा असतात. ऑइलची टाकी, गाडीचा तळपत्रा किंवा इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी यांना जॅक लावू नका. घरी काम करणाऱ्याची खरी अडचण इथेच येते. जिथे जॅक, तिथेच स्टँड कसा लावणार? पुस्तिकेत मधल्या मजबूत आडव्या दांड्याची जागा जॅकसाठी दाखवली असेल, तर तिथून उचलून दोन्ही बाजूंच्या खुणांखाली स्टँड लावावेत. अशी दुसरी जागा दाखवलेली नसेल, तर ते काम गॅरेजमध्येच करून घ्यावं. आणि एका वेळी गाडीची एकच बाजू उचलावी, पुढची किंवा मागची.

स्टँड लावले, दाते नीट बसलेले पाहिले, की जॅक सावकाश सैल करून भार स्टँडवर येऊ द्या. मग बाहेर उभं राहून गाडीला हातानं ढकलून बघा. हलायची असेल, तर ती आत्ताच हलू दे. त्यानंतर जॅक पुन्हा वर आणून नुसता टेकवून ठेवा आणि काढलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवा. हा दुसरा आधार कशाला, असं कुणी विचारेल. 2020 साली अमेरिकेत एका मोठ्या विक्रेत्याला लाखो स्टँड परत मागवावे लागले, कारण त्यांचे दाते पुरेसे खोल अडकत नव्हते. त्यांच्या बदल्यात दिलेल्या स्टँडपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही पुढे दोष निघाले. कारखान्यातून आलेलं लोखंडही दगा देऊ शकतं. म्हणून जीव कधीही एकाच आधारावर सोपवू नये.

काम संपल्यावर अवजारं बाहेर घ्या, मुलं लांब आहेत हे पाहा आणि गाडी हळू उतरवा. नट समोरासमोरचे धरून आवळा आणि 50 ते 100 किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा.

गाडीखाली एकट्यानं काम करू नये, हाकेच्या अंतरावर कुणीतरी असावं. दुर्दैवानं कुणी अडकलंच, तर पाय धरून ओढू नका. छातीवर भार असला की श्वास घेता येत नाही, आणि हातात काही मिनिटंच असतात. जॅकनं गाडी उचला. त्याच वेळी दुसऱ्यानं 112 किंवा 108 क्रमांकावर फोन करावा.

श्रोतेहो, माझी एकच विनंती आहे. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही दिसलं, शेजारी असो की अनोळखी, तर भीड न बाळगता त्याला आधी बाहेर बोलवा आणि स्टँड लावायला सांगा.