ऑक्सिजन शेवटी मोजा

दहावीची मुलं रसायनशास्त्रात हमखास अडतात ती समीकरण संतुलित करताना. ज्वलनाचं समीकरण आलं की अंदाजाने आकडे टाकत बसतात. त्याची गरज नाही. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. प्रोपेनच्या रेणूत कार्बनचे ३ अणू, हायड्रोजनचे ८. तो पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. आधी कार्बन बघा: ३ अणू, म्हणून कार्बन डायऑक्साइडचे ३ रेणू. मग हायड्रोजन: ८ अणू, म्हणून पाण्याचे ४ रेणू. ऑक्सिजन शेवटी, कारण डावीकडे तो एकटा आहे. त्याचा आकडा बदलला तरी इतर कुणाचा हिशेब मोडत नाही. उजवीकडे ६ आणि ४ मिळून १० अणू, म्हणजे ऑक्सिजनचे ५ रेणू. जुळलं.

ब्युटेनमध्ये ४ कार्बन, १० हायड्रोजन. इथे ऑक्सिजनचे रेणू साडेसहा येतात. घाबरू नका, सगळंच दुप्पट करा: ब्युटेन २, ऑक्सिजन १३, कार्बन डायऑक्साइड ८, पाणी १०. सूत्रात खाली लिहिलेल्या लहान आकड्याला मात्र हात लावायचा नाही. पाण्याच्या सूत्रात ऑक्सिजनखाली २ लिहिलात, तर ते पाणी उरत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं.

आता लाकूड. आमच्या म्हैसूरचा जुना राजवाडा बराचसा लाकडी होता. १८९७ मध्ये राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्या विवाहसोहळ्याच्या काळात तो आगीत गेला. आज दिसतो तो हेन्री आयर्विन यांनी आराखडा केलेला, १९१२ मध्ये पुरा झालेला नवा राजवाडा. लाकडातल्या सेल्युलोजच्या एका घटकात ६ कार्बन, १० हायड्रोजन आणि ५ ऑक्सिजन असतात. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ६, पाणी ५, म्हणजे ऑक्सिजनचे १७ अणू. त्यातले ५ इंधनानेच आणलेत, ते वजा करा. उरले १२, म्हणजे ६ रेणू. ही वजाबाकी बहुतेक मुलं विसरतात. स्पिरिटच्या दिव्यातल्या इथेनॉललाही हाच नियम लागतो. ते तुम्ही स्वतः करून बघा, ऑक्सिजनचे ३ रेणू यायला हवेत.

पालकांनो, हे गणित परीक्षेपुरतं नाही. ब्युटेनच्या समीकरणात वजनं घाला: किलोभर ब्युटेनला सुमारे ३.६ किलो ऑक्सिजन लागतो, म्हणजे साधारण साडेपंधरा किलो हवा. बंद न्हाणीघरात गॅस गीझर चालू असेल तर एवढी हवा येणार कुठून? मग १३ ऐवजी समजा ९ च रेणू मिळाले. समीकरण तेव्हाही संतुलित होतं, फक्त उजवीकडे कार्बन डायऑक्साइडच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचे ८ रेणू येतात. प्रत्यक्षात दोन्ही वायू मिसळून येतात, पण मोनॉक्साइड थोडाही घातक. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो.

म्हणून गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसू लागली किंवा भांड्याच्या बुडाला काजळी धरू लागली, तर बर्नर साफ करून घ्या. आंघोळ करताना डोकं दुखू लागलं, गरगरलं, तर अंगावरचं पाणी पुसत बसू नका. दार उघडून आधी बाहेर या, घरातल्यांना हाक मारा, गीझर बंद करायला सांगा आणि डॉक्टरांना दाखवा.