कप एकदाचा, स्वच्छता रोजची
(रुग्णालयाच्या वार्षिक समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक समारंभात नवे यंत्र, नवा कक्ष किंवा अवघड शस्त्रक्रिया यांविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. मी मात्र आज आपल्या प्रत्येक मजल्यावर पाण्याच्या कूलरशेजारी असणाऱ्या कागदी कपाविषयी बोलणार आहे. विषय लहान आहे. परंतु आजारी माणसाच्या ओठांना दिवसातून अनेकदा लागणारी वस्तू लहान म्हणून सोडून देता येत नाही.

हा कप मुळात आरोग्यासाठीच जन्माला आला. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील शाळांत आणि रेल्वेस्थानकांवर पाण्याच्या पिंपाजवळ एकच पेला असे व सर्वजण त्यातूनच पाणी पीत. पेनसिल्व्हेनियातील लाफायेट महाविद्यालयाचे जीवशास्त्राचे प्राध्यापक अल्व्हिन डेव्हिसन यांनी शाळेतील असा एक काचेचा पेला सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि १९०८ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. नऊ दिवस वापरलेल्या त्या पेल्यावर मुलांच्या ओठांवरून सुटलेल्या वीस हजारांहून अधिक पेशी होत्या, आणि त्या पेशींना जंतू चिकटलेले होते. १९०९ मध्ये कॅन्सस राज्यात डॉ. सॅम्युअल क्रंबाइन यांच्या पुढाकाराने सामायिक पेल्यावर बंदी आली. आपल्याकडे ज्याला 'उष्टे' म्हणून पिढ्यानपिढ्या टाळले गेले, त्याचेच हे शास्त्रीय रूप होते.

त्याच सुमारास लॉरेन्स ल्यूएलेन या बॉस्टनच्या वकिलांनी कागदी कप पुढे आणला. पुढे त्यास 'हेल्थ कप' आणि १९१९ पासून 'डिक्सी कप' हे नाव मिळाले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ल्यूएलेन यांनी नुसता कप आणला नव्हता, तर पाणी देणारे यंत्रही आणले होते. एक सेंट टाकला की थंड पाणी आणि नवा कप मिळे. पिणाऱ्याच्या हाती येईपर्यंत कप बंदिस्त राही. आपण जगाकडून कप घेतला. त्याचे बंद घर मात्र घ्यायचे राहून गेले.

महाराष्ट्रात २०१८ मध्ये एकदाच वापरावयाच्या प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकचे कप देशभर बंद झाले. त्यानंतर कागदी कपांचा वापर आणखी वाढला. परंतु कप कोणत्याही पदार्थाचा असो, तो कसा ठेवला जातो आणि कसा उचलला जातो, यावरच त्याची स्वच्छता ठरते. पाकीट फाडून कपांची चळत उघड्यावर ठेवली जाते. एकात एक घट्ट बसलेले कप सुटे करताना आपण बोट आत घालतो, किंवा जेथे ओठ लागणार तीच कड धरतो. ते बोट नुकतेच रुग्णाच्या पलंगाच्या दांडीला, लिफ्टच्या बटणाला किंवा स्वतःच्या नाकाला लागलेले असते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू निरोगी माणसांपैकी सुमारे तीस टक्के लोकांच्या नाकात वास करतो, आणि कोरड्या पृष्ठभागावरही तो कित्येक दिवस तग धरू शकतो.

ओलाव्यात राहणाऱ्या जंतूंची तऱ्हा निराळी. स्यूडोमोनास हा जंतू नळाच्या तोटीच्या आत बुळबुळीत थर करून राहू शकतो. अशा तोटीला कपाची कड टेकवली की जंतू कपावर येतात, आणि पाणी प्यालेल्याचा कप पुन्हा टेकला की तोंडातील जंतू तोटीवर जातात. एकच कप उशाशी ठेवून दिवसभर वापरला, तर 'एकदाच वापरावयाचा' या शब्दांना अर्थच उरत नाही.

हे ऐकून कोणी भयभीत होऊ नये. यांतील बहुतेक जंतू निरोगी माणसाला काही करीत नाहीत. परंतु आपल्या इमारतीत सगळेच निरोगी नसतात. कर्करोगाच्या औषधांमुळे ज्याच्या पांढऱ्या पेशी घटल्या आहेत किंवा जो अतिदक्षता विभागातून नुकताच बाहेर आला आहे, त्याच्यासाठी हा हिशेब वेगळा असतो. आणि बहुधा त्याला पाणी पाजणारा हात त्याच्याच मुलीचा वा भावाचा असतो.

म्हणून नातेवाइकांना माझी विनंती आहे. कप घेण्यापूर्वी हात धुवावेत. कप बुडाकडून धरावा. कड तोटीला टेकवू नये. एका कपातून दोघांनी पिऊ नये. आणि वापरलेला कप पुन्हा चळतीशेजारी ठेवू नये. ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, त्यांच्या पाण्याविषयी परिचारिकेला विचारावे.

देणगीदारांना माझे सांगणे थोडे वेगळे आहे. आपण श्रद्धेने कपांची खोकी पाठविता. पाणी पाजण्याचे पुण्य आपल्या परंपरेने फार मोठे मानले आहे. परंतु यापुढे खोक्यांबरोबर त्यांचे बंद घरही द्यावे, म्हणजे खालून एकेक कप सुटणारी बंद नळकांडी. सामान्य कक्षांसाठी स्टीलचे पेले, ते गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळविण्याची सोय आणि हे काम रोज नेमाने करणाऱ्या मावशींचे वेतन द्यावे. वेतनावर कोणाचे नाव कोरता येत नाही, याची मला जाणीव आहे. कूलरवर दात्याच्या नावाची पाटी लागते. कूलरची तोटी रोज घासणाऱ्या हातासाठी पाटी नसते. पण रुग्णाच्या ओठांपर्यंत पाणी शुद्ध पोहोचते ते त्या हातामुळेच.

विश्वस्त मंडळाने येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात या कामासाठी स्वतंत्र तरतूद करावी, अशी नम्र सूचना करून मी आपली रजा घेतो.